सदर ठरवील

सिद्धलिंगअप्पाला राग यायला माणूस लागायचा नाही, एक शब्द पुरायचा. कुणी 'अर्जी दिला' म्हणालं की हा त्याचं बोलणं तिथंच तोडून विचारी, "दिला का दिली? अर्जी बाई हाय का बाप्या?" समोरच्याची म्हैस मेलेली असो की भाऊबंदकी पेटलेली, आधी शब्द सरळ व्हायचा आणि मग त्याचं रडगाणं पुढं जायचं. गाव त्याला पाठीमागं नकलप्पा म्हणे. हे त्याला ठाऊक होतं, आणि या नावाचा मात्र त्याला कधी राग आला नाही, कारण नाव खरं होतं. तालुक्याच्या कचेरीत त्यानं अठरा वर्षं नकलनवीस म्हणून काढली होती. वरून आलेले उर्दू हुकूम वळणदार अक्षरात उतरवायचे, आणि ते ज्यांच्या डोक्यावर आदळायचे त्यांना मराठीत नाहीतर कानडीत समजावून सांगायचे, एवढंच त्याचं काम. घरात बायकोशी कानडी, गावात मराठी, कचेरीत उर्दू. तिन्हींत तो सारखाच कडू बोले.

त्याची नोकरी गेली तीही शब्दापायीच. चव्वेचाळीस साल होतं. लढाई तिकडं ब्रह्मदेशात चाललेली आणि हुकूम सुटत इकडं. एवढी ज्वारी सरकारी कोठारात घाला, एवढ्या बैलगाड्या द्या, परवानगीशिवाय दाणा हलवू नका. प्रत्येक हुकमाच्या तळाशी एकच शेपूट असे, 'ता हुक्मे सानी', म्हणजे दुसरा हुकूम निघेपर्यंत. एका शेतकऱ्यानं साधंच विचारलं, दुसरा हुकूम कधी निघायचा? अप्पा थबकला. अठरा वर्षं तो हे शेपूट उतरवत आला होता, आणि दुसरा हुकूम त्याच्या हातून एकदाही उतरला नव्हता. तो तसाच उठून साहेबापुढं गेला आणि भरल्या कचेरीत त्यानं विचारलं, "हुजूर, दुसरा हुकूम काढणार कोण? ज्यानं पहिला काढला तोच ना? मग तो कशाला काढील?" साहेबानं त्याला त्याच दुपारी घरचा रस्ता दाखवला.

तेव्हापासून अप्पा हाडोळगीत घरी होता. उमरग्याहून सोलापूरकडं जाणाऱ्या सडकेपासून दोन कोस आत हे गाव. बासष्ट उंबरे, भोवती दगडी गावकूस, एक वेस, आणि चावडीपुढं कडुलिंबाखाली दगडी ओटा. त्या ओट्याला गाव सदर म्हणे. ओट्याला म्हणे आणि ओट्यावर बसलेल्या गावालाही म्हणे. सदर बसली, सदरेनं ठरवलं, सदरेपुढं ये. कचेरीच्या मराठीतला 'सदर इसम' निराळा, त्याला मी इथं मध्ये आणत नाही.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर निजामाचा मुलूख पेटला. रझाकारांची धास्ती होती, त्यांच्या नावावर लुटणाऱ्यांची होती, आणि सरहद्दीपलीकडून येणाऱ्या टोळ्यांचीही होती. आज अमकं गाव जळालं, उद्या तमकं, अशी बातमी रोज यायची आणि निम्म्याहून जास्त वेळा खरी निघायची. मग एके सकाळी सदर बसली. बासष्ट घरांतून बासष्ट माणसं. कुसाबाहेरच्या घरांना कुणी बोलावलं नाही, आणि ते त्या दिवशी अप्पालाही खटकलं नाही. हे सांगून टाकलेलं बरं.

राखण करायची यावर वाद नव्हता. वाद होता हुकूम कुणाचा यावर. बंडप्पा सुतार म्हणाला, "टोळी वढ्यावर आली की पयलं सदर भरवायची, मग इचार करायचा, मग दार लावायचं? तवर आपली मुंडकी राहतील का?" बोलणं बिनतोड होतं. मग एकाच माणसाच्या हाती सगळं द्यायचं ठरलं, आणि तो माणूस म्हणजे कल्याणप्पा हे कुणी सांगायची गरज पडली नाही. आडत दुकान त्याचं, घोडी त्याची, गावातली एकुलती परवान्याची बंदूक त्याची. वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत, आणि भित्रा तर तो मुळीच नव्हता.

"द्या. माझी ना न्हाय," अप्पा म्हणाला. "पर कुठवर द्यायचा, ते लिहा."

लोक हसले. आपल्याच माणसाला इख्तियार, म्हणजे अधिकार, द्यायचा आणि वर कागद करायचा! लिंबाजी धनगर तेवढा म्हणाला, "लिहू द्या की अप्पास्नी. लिवलं न्हाय तर त्यास्नी जेवन पचायचं न्हाय." पुन्हा हशा पिकला आणि कागद आला.

अप्पानं तीन ओळी लिहिल्या. 'गावावर संकट आहे तोवर राखणीचा सारा इख्तियार कल्याणप्पा यांच्याकडे राहील. त्यांचा हुकूम घरटी पाळावा. संकट सरलं की नाही, ते सदर ठरवील.' त्यानं तो कागद दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. बासष्ट अंगठे उठले. लिंबाजीनं तर एवढ्या जोरानं अंगठा दाबला की शाई शेजारच्या नावावर पसरली आणि अप्पानं त्याला चार शब्द सुनावले. घरी आल्यावर तो बायकोपुढं, मल्लम्मापुढं, ती तिसरी ओळ पुन्हा पुन्हा घोळवत बसला. कचेरीतल्या हुकमांना जे कधी जमलं नाही ते आपण सात शब्दांत जमवलं, देणाऱ्याच्या हातात दोरी ठेवली, असं तो सांगत राहिला. मल्लम्मा ताट वाढून थकली. "साकु," ती म्हणाली, "पुरे आता. भाकर गार झाली."

आधी खरं तेच सांगतो. कल्याणप्पानं काम चोख केलं. कुसाची पडझड भरून घेतली, पाळ्या लावल्या, पोरांना गोफण शिकवली. माघात भर दुपारी तीस-चाळीस माणसांची टोळी ओढा ओलांडून आली. ती कुणाची होती हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कल्याणप्पानं वेस लावली, कुसावर उभं राहून बंदुकीचे दोन बार हवेत काढले, गोफणीतून दगडांचा मारा करवला, आणि टोळी आल्या पावली परत फिरली. गावातलं एक कोंबडंही गेलं नाही. त्या दिवशी अप्पानंही त्याला हात जोडले.

पण हात जोडायची सवय लागली की ती लवकर सुटत नाही. वेस आता दिवसाही बंद राहू लागली. बाहेर जायला चिठ्ठी, आत यायला चिठ्ठी. शहरातल्या अंजुमनींच्या, म्हणजे मंडळांच्या, अध्यक्षाला उर्दूत सदर म्हणतात हे कल्याणप्पानं ऐकलेलं होतं. त्यानं गुलबर्ग्याहून शिक्का करून आणला, 'सदर, राखण कमिटी, हाडोळगी'. लोक त्याला सदरसाहेब म्हणायला लागले. अप्पानं तो शिक्का पाहिला तेव्हा त्याला हसू फुटलं. "वट्याचा मानूस झाला," तो मल्लम्माला म्हणाला आणि दिवसभर स्वतःच्याच विनोदावर खूश राहिला. अठरा वर्षं शब्द चाळलेल्या माणसाला समोर ठेवलेला शब्द दिसला नाही. त्याचा मला आजही राग येतो.

पुढं वेशीसाठी म्हणून बंडप्पाच्या फळ्या नेल्या आणि त्या कल्याणप्पाच्या गोठ्याला लागल्या. बंडप्पा विचारायला गेला तर पहारेकऱ्यांनी त्याला चिठ्ठीशिवाय रस्त्यात फिरतो म्हणून वेताच्या छडीनं फोडला. जो माणूस सदरेवर हुकमाची घाई करत होता त्याच्याच पाठीवर पहिला हुकूम उमटला. गाव मूग गिळून बसलं. संकट आहे म्हणाले, आणि संकट होतंच.

चैत्रात लिंबाजीची पाळी आली. लिंबाजीची मेंढरं कुसाबाहेर माळावर बसत. दोन वर्षांपूर्वी ती कल्याणप्पाच्या शाळूत शिरली होती, तेव्हा सदरेनं कुंपण मोडकं होतं म्हणून लिंबाजीला सोडून दिलं होतं. ते कल्याणप्पाच्या पोटात राहिलं होतं. आता त्यानं हुकूम काढला की रोज एक मेंढरू पहारेकऱ्यांच्या जेवणाला द्यायचं. लिंबाजीनं आठ दिवस दिलं. नवव्या दिवशी तो म्हणाला, "मालक, आता गाभण ऱ्हायल्यात. ह्या देणार न्हाय." दुसऱ्या दिवशी चावडीवर शिक्का मारलेला कागद लागला. लिंबाजी ओढ्यापलीकडं मेंढरं नेतो, दोन्हीकडच्या लोकांत त्याची उठबस आहे, तो खबऱ्या आहे. बायकोसकट त्यानं उद्या सकाळी गाव सोडावं.

तशा दिवसांत गाव सोडणं म्हणजे काय हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. अप्पाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पेटीतला मूळ कागद घेऊन तो तडक कल्याणप्पाच्या दुकानात गेला.

"सदर बोलवा," तो म्हणाला. "टोळी येऊन दीड महिना झाला. संकट सरलं का न्हाय ते सदरेला ठरवू द्या. तवर लिंबाजीला हात लावायचा न्हाय."

कल्याणप्पानं कागद हातात घेतला, सावकाश वाचला, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "संकट सरलं की नाही, ते सदर ठरवील. बराबर हाय की, अप्पा. मीच सदर. म्या ठरवतो. सरलं न्हाय."

"सदर म्हंजी तो वटा!" अप्पा ओरडला. "सदर म्हंजी गाव! ती सदर, तो सदर न्हवं!"

"मग तसं लिवायचं हुतं," कल्याणप्पा शांतपणे म्हणाला. "सदर ठरवील. बाई ठरवील, बाप्या बी ठरवील. अक्षर तुमचंच हाय न्हवं?"

अप्पानं ती ओळ पुन्हा वाचली. 'ठरवते' लिहिलं असतं तर कळलं असतं, 'ठरवतो' लिहिलं असतं तर कळलं असतं. 'ठरवील' मध्ये बाई नाही आणि बाप्याही नाही. जन्मभर लोकांच्या अर्ज्यांचं लिंग तपासणाऱ्या माणसानं गावाची मान ज्या शब्दावर टांगली, त्याचंच तपासलं नव्हतं.

तिथून तो घरोघर निघाला. कागद हातात, ऊन डोक्यावर. प्रत्येक ओसरीवर उभं राहून तो समजावून सांगू लागला. सदर हा शब्द गावात स्त्रीलिंगी आहे. सदर बसली म्हणतो, बसला म्हणत नाही. कागद झाला त्या दिवशी शिक्काच नव्हता, मग सदर म्हणजे कल्याणप्पा कसा होईल? त्यानं असा पुरावा दिला, तसा दिला, दहा वर्षांमागचे निवाडे तोंडपाठ म्हणून दाखवले. लोकांनी नीट ऐकून घेतलं. "बराबर हाय, अप्पा," जो तो म्हणाला. "अगदी बराबर बोलताव." बंडप्पा पाठीवर हळद लावून पालथा पडला होता, तोही म्हणाला बराबर हाय. आणि अप्पा पुढच्या घराकडं वळला की मागच्या घरात सुपं पुन्हा पाखडायला लागत. दिवस मावळेपर्यंत अप्पानं चाळीस घरं केली आणि चाळीस होकार गोळा केले.

सकाळी लिंबाजी आणि त्याची बायको सीताबाई निघाले. जातं, दोन हंडे, घोंगडी आणि उरलेली मेंढरं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दारं अर्धी लावलेली. अप्पा रस्त्यात उभा राहून ओरडत होता, कल्याणप्पाला चोर म्हणत होता, गावाला षंढ म्हणत होता, कागद नाचवत होता. पहारेकऱ्यांनी त्याला हातही लावला नाही. एवढा आरडाओरडा करणारा एकच म्हातारा असला की त्याची कुणाला अडचण होत नाही. लिंबाजी त्याच्याजवळून जाताना थांबला. "अप्पा, घसा बसंल," एवढंच म्हणाला आणि वेशीतून बाहेर गेला.

ज्येष्ठात बातमी आली. सरहद्दीपलीकडं निर्वासितांच्या छावणीत लिंबाजी तापानं गेला. अप्पानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. पण तेव्हाही तो मल्लम्माला काय सांगत होता? की 'सदर' च्या जागी 'गाव' लिहिलं असतं तर लिंबाजी जगला असता. एका शब्दानं माणूस मारला, माझ्या शब्दानं मारला. तो कपाळ बडवून घेई आणि त्या बडवून घेण्यातही, आता स्पष्टच बोलतो, त्याला थोडा मोठेपणा वाटत असावा. सगळा दोष आपल्या अक्षराचा असला की आपलं अक्षर केवढं थोर!

भाद्रपदात हिंदी फौज सोलापूरच्या सडकेनं आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. उमरग्यात झेंडे लागले. कल्याणप्पानं पांढरी टोपी घातली आणि फौजेच्या अधिकाऱ्याला हार घातला. पण गावात आला की शिक्का तोच, चिठ्ठ्या त्याच. अजून काही सांगता येत नाही, तो म्हणे, पळालेले लोक रानात आहेत, संकट सरलं असं मी म्हटलेलं नाही. आणि हैदराबादचं तख्त हललेलं पाहिलेली माणसं हाडोळगीच्या वेशीवर चिठ्ठी दाखवायला रांग लावत होती!

दसरा झाला आणि सीताबाई परत आली. पांढरं कपाळ, डोक्यावर एक हंडा, मागं एकही मेंढरू नाही. पहारेकऱ्यांनी वेशीवर अडवली. तिच्या नावाचा हुकूम अजून फिरवलेला नव्हता. अप्पाला कळलं तसा तो कागद घेऊन धावत आला आणि वेशीतच पहारेकऱ्यांना समजावू लागला, की सदर हा शब्द गावात स्त्रीलिंगी आहे.

सीताबाईनं हंडा खाली ठेवला. "अप्पा," ती म्हणाली, "गप ऱ्हावा जरा."

अप्पानं कागद खाली केला.

"आमाला काढलं त्याच्या आदल्या दिशी तुमी घरोघर गेलाव. काय सांगितलाव?"

"सदर म्हंजी काय, ते सांगितलं. समद्यास्नी पटलं."

"पटायला काय, त्यास्नी ठावच हुतं. माझ्या मालकानं अंगठा दिला तवा त्याला ठाव हुतं सदर कोन ते. कल्याणप्पाला बी ठाव हाय. त्यात सांगायचं काय हुतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "पाच घरची मानसं जाऊन बसली की सदर हुती. कुनी बोलवावं लागत न्हाय. चाळीस घरं हिंडलाव, एका तरी घरात 'चला, बसू' म्हनलाव का? बरं, दुसऱ्याचं जाऊ द्या. तुमी बसलाव का? तुमी तर रस्त्यात हुबे हुताव."

कागद हातात चुरगळून अप्पा वळला, चावडीपर्यंत गेला, आणि ओट्यावर चढून बसला. सकाळचे दहा वाजले असतील. एकटाच.

जाणारे-येणारे बघत राहिले. घटकाभरानं बंडप्पा आला आणि काही न विचारता शेजारी बसला. मग गोरोबा आला, ज्याच्या बैलगाड्या सात महिने पहाऱ्यात अडकल्या होत्या. मग सोमलिंग वाणी, दुकान उघडं टाकून. चार झाले आणि तिथंच अडलं. चौघं एकमेकांकडं पाहत राहिले, आणि लोक लांबून बघत राहिले.

वेशीवरच्या पहारेकऱ्यांचं लक्ष ओट्याकडं लागलं होतं. सीताबाईनं हंडा उचलला आणि ती त्यांच्यामधून चालत आत आली. सरळ ओट्याशी आली, दोन पायऱ्या चढली आणि बसली. त्या दगडावर त्याआधी बाई कधी बसलेली नव्हती. कुणी नको म्हणालं नाही. म्हणायला तोंड कुणाला होतं?

सदर बसली. अप्पानं विचारलं, "संकट सरलं का?" पाच जण सरलं म्हणाले. "लिंबाजीच्या घरावरचा हुकूम?" पाच जण रद्द म्हणाले. कल्याणप्पा दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं ऐकलं, इकडंतिकडं पाहिलं, पहारेकरी काठ्या खाली ठेवून खाली माना घालून उभे होते. टोपी सारखी करून तो जेवायला घरात गेला. वेशीचं दार कुणीतरी ढकललं आणि ते उघडं राहिलं. सगळं मिळून पान चघळायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

सीताबाई जागची हलली नाही. ती उघड्या वेशीकडं पाहत होती. मग तिनं अप्पाकडं तोंड वळवलं.

"एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली.